घाट चढून आलेली गाडी

मोटारगाडीची आणि माझी पहिली ओळख पाण्याच्या बादलीने करून दिली. घोटीला आग्रा रोडवर आमच्या दादांचे चहाचे हॉटेल होते. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि डोक्यावर कौले. पण मुंबईहून नाशिकला निघालेली मंडळी कसाऱ्याचा घाट चढून, इगतपुरी मागे टाकून घोटीत आली की तिथे हमखास थांबत. माणसांना चहा लागे, गाड्यांना पाणी. चहा दादा देत, पाणी मी देई. १९६५-६६ साल असेल. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. बॉनेट उघडले की आतून वाफेचा लोट येई. रेडिएटरच्या झाकणावर ओले गोणपाट टाकायचे, झाकण अर्धा आटा फिरवून वाफ फुसफुसत जाऊ द्यायची, मग ते पुरते काढायचे आणि इंजिन चालू ठेवून बारीक धारेने पाणी ओतायचे, ही विद्या मी पाढ्यांबरोबरच शिकलो. कुणाची गाडी उन्हाने तापून बंदच पडली, तर पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळायचे हेही मला ठाऊक होते. एका गाडीमागे पाच पैसे मिळत. डॉक्टर, वकील असले तर दहा.

त्यामुळे गाड्यांविषयीची माझी मते फार लवकर बनली, आणि ती सगळी पाण्याच्या हिशेबात बनली. फियाट किती पिते, अँबॅसिडर किती, ट्रक किती. जुन्या गोलमटोल फियाटला लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. इटलीतल्या कंपनीने एवढ्या हौसेने घडवलेल्या गाडीचे मुंबईकरांनी हे बारसे केले होते, आणि मालकही ते नाव विनातक्रार, किंबहुना लाडाने घेत. दादांनी जन्मात गाडी घेतली नाही, पण कुणी मुंबईकर आपल्या गाडीची तारीफ करू लागला की ते चहा गाळता गाळता म्हणत, “गाडी मुंबईत कशी दिसते ते सांगू नका साहेब. घाट चढून घोटीत कशी आली ते सांगा.”

हे सारे आत्ताच आठवायला कारण झाले. पस्तीस वर्षे मी हायस्कुलात गणित शिकवले आणि एस.टी., रेल्वे व एक स्कूटर एवढ्यावर संसार हाकला. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी घरात गाडी घ्यायची वेळ आली ती काही हौसेने नव्हे. २०२५ च्या जुलैत एका रात्री सौ. मोरीत पाय घसरून पडली. घोटीचा पाऊस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना त्या रात्रीची कल्पना यायची नाही. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा जुलैत रात्रीच पडतो असे माझे मत आहे. साडेअकराला मी तीन गाडीवाल्यांना फोन केले. एकाने उचलला नाही, दुसरा शिर्डीला गेलेला, तिसरा म्हणाला सकाळी येतो. शेवटी शेजारच्यांचा भाजीचा पिकअप मिळाला. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर तिला चढता येईना, म्हणून मागे ताडपत्रीखाली गादी टाकली आणि तसे तिला पस्तीस किलोमीटरवर नाशिकला नेले. वाटेत ती एकदाही कण्हली नाही. माझा हात मात्र तिने असा धरला होता की दुसऱ्या दिवशी मनगटावर वळ दिसत होते.

गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. पुढे दर पंधरवड्याला तपासणी आणि व्यायामासाठी नाशिकच्या वाऱ्या ठरल्या. घरी आल्यावर मी पासबुक काढले, हिशेब केला आणि जाहीर केले की गाडी घ्यायची. नऊ लाख. साडेआठ झाले तर उत्तम, साडेनऊ होता कामा नयेत. ती रक्कम म्हणजे आमच्या म्हातारपणाच्या साठ्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा होता.

आता आमच्या चिरंजीवांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. वय एकतीस, नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, लग्न व्हायचे आहे, आणि मोटारींचे वेड असे की झोपेत अश्वशक्ती बडबडतो. त्याची एक मंडळी आहे. दर रविवारी सकाळी नाशिकहून सात-आठ जण आपापल्या गाड्या घेऊन निघतात, घोटीच्या टोलनाक्याअलीकडे एका धाब्यावर जमतात, मिसळ खातात आणि दोन तास गाड्यांवर बोलतात. राजकारण नाही, सिनेमा नाही, फक्त गाड्या. माझा विचार कळताच चिरंजीवांनी तो विषय मंडळीपुढे मांडला आणि पुढच्या रविवारी मलाच तिथे हजर केले.

मी पस्तीस वर्षे वर्ग सांभाळला आहे, पण इतका तयारीचा वर्ग मला कधी मिळाला नाही. पहिला म्हणाला, “सर, पाच तारे बघा. बाकी काही बघू नका.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. गाडी भिंतीवर आपटून आतल्या माणसांचे काय होते याची परीक्षा परदेशात फार पूर्वीपासून होते. आपल्या देशात बनलेल्या गाडीला त्या परीक्षेत पाच तारे पहिल्यांदा मिळाले ते २०१८ च्या डिसेंबरात, टाटांच्या नेक्सॉनला. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप नावाची आपली स्वतःची परीक्षाही सुरू झाली. त्याआधी गाडी घेताना अपघाताचा विषय काढणे अपशकुनाचे मानीत. आता गिऱ्हाईक दुकानात शिरताच किती तारे म्हणून विचारतो.

दुसरा थारवाला होता. तो फारसे बोलला नाही. त्याने फक्त बोटाने दाखवली. लाल रंगाची, उंच, चाके अशी की रणगाड्याला शोभावीत. नाशिककरांना थारचा अभिमान वाटणे साहजिक आहे, कारण ती नाशिकच्याच कारखान्यात बनते. मला मात्र ती पाहून आमच्या लहानपणची जीप आठवली. महिंद्रांनी १९४७ साली अमेरिकन विलीज जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली. त्या वंशाची ही पणती. आमच्या वेळी जीप म्हणजे सरकार. गावात जीप आली की कुणी साहेब आला, नाहीतर कुणाची तरी जप्ती आली. जीप स्वतःच्या पैशाने, हौसेसाठी घ्यायची हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. आणि २०२० साली नव्या थारची पहिली गाडी लिलावात काढली, तेव्हा एक कोटी अकरा लाखांची बोली लागली! पैसे धर्मादाय कामाला गेले हे खरे, पण दहा-बारा लाखांच्या वस्तूवर एक कोटी चढले ते कशाचे, हा प्रश्न गणिताच्या शिक्षकाला पडायचाच. लोखंड तेच, रबर तेच. चढले ते नावाचे.

तिसऱ्याने विजेच्या गाडीची बाजू मांडली आणि किलोमीटरला लागणाऱ्या पैशांचा हिशेब अगदी चोख करून दाखवला. पण आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी रुसेल आणि किती दिवस अबोला धरेल याचा नेम नसतो, म्हणून तो विषय मी पुढच्या पिढीकडे सोपवला. चौथा होता तो जुनी जर्मन गाडी घ्या म्हणणारा. “काका, पन्नास लाखांची गाडी दहा वर्षांनी आठ लाखांत मिळते. दारात उभी केली की बघा!” मी त्याला विचारले, पुढचा दिवा फुटला तर केवढ्याला? त्याने सांगितलेल्या आकड्यात आमच्या स्कूटरीसारख्या दोन स्कूटरी आल्या असत्या. हत्ती स्वस्तात मिळतो. पण गाडीची किंमत उतरते तशी तिच्या सुट्या भागांची उतरत नाही, ही गोष्ट हौशी माणसे नेमकी विसरतात.

खरे सांगायचे तर वादाचा मुद्दा पाच तारेही नव्हते आणि अश्वशक्तीही नव्हती. चिरंजीवांना दारात मोठी गाडी हवी होती. त्याने मला एकट्याला गाठून सांगितले, “बाबा, स्थळं बघायला येणारी माणसं आधी गाडी बघतात. छोटी गाडी दिसली की पगार विचारतात. मोठी दिसली की विचारत नाहीत.” यावर रागवावे की हसावे ते मला कळेना, कारण त्यात तथ्य होते.

ते आजचे नव्हे, आमच्या काळापासूनचे आहे. पन्नाशीच्या दशकात सरकारने ठरवले की जे इथे गाड्या खरोखर बनवतील त्यांनीच राहावे, नुसते भाग आणून जोडणाऱ्यांनी जावे. त्या धोरणापायी फोर्ड आणि जनरल मोटर्स १९५४ च्या सुमाराला इथून गेल्या. उरल्या कोण? कलकत्त्याकडची अँबॅसिडर, कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. कुर्ल्याची कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली, म्हणून मराठी माणसाला फियाट थोडी जवळची. गाड्या मोजक्याच निघत आणि घेणारे उदंड, त्यामुळे नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. आज नव्या गाडीवर सूट मिळते. तेव्हा जुनी गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाई, आणि त्याला आळा घालायला सरकारला कायदा करावा लागला होता. निवड करायलाच फारसे नव्हते, तरीसुद्धा माणसांनी प्रतिष्ठेच्या पायऱ्या लावल्याच. अँबॅसिडर म्हणजे मंत्री, कलेक्टर, मोठे कुटुंब. फियाट म्हणजे डॉक्टर, वकील, प्रोफेसर. आमच्या हॉटेलात अँबॅसिडरवाल्याला खुर्ची मिळे आणि फियाटवाल्याला बाकडे. दादांनी हा नियम कधी तोंडाने सांगितला नव्हता, पण मी खुर्ची कुणासाठी पुसायची ते बरोबर ओळखत असे.

दिसणे आणि चालणे यांची फारकत पाहायची असेल तर १९८४ सालची कॉन्टेसा आठवावी. लांबलचक, रुबाबदार, विलायती बांधणीची गाडी. पण सुरुवातीला तिच्या पोटात इंजिन होते ते अँबॅसिडरचेच, १४८९ सी.सी.चे. एवढा मोठा देह आणि हृदय तेवढेच! मुंबईच्या रस्त्यावर तिच्याकडे माना वळत. आमच्या घोटीत ती यायची तेव्हा मात्र तिच्यामागे दहा-बारा गाड्यांची वरात असायची. आणि त्याच्या थोडे आधी, १४ डिसेंबर १९८३ ला, मारुती ८०० बाजारात आली होती. ७९६ सी.सी., तीन सिलिंडर, किंमत पन्नास हजारांच्या आसपास. आमच्या हॉटेलातल्या जाणकारांनी तिला ‘डबा’ ठरवले. घाटात हिची वाफ निघणार यावर पैजा लागल्या. मी तेव्हा शाळेत नोकरीला लागून तीन वर्षे झाली होती, पण पहिली मारुती घोटीत थांबली तेव्हा सवयीने बादली घेऊन पुढे गेलो. मालक काच खाली करून म्हणाला, “पाणी नको. चहा द्या.” विजेवर चालणारा पंखा, बंद नळ्यांतून फिरणारे थंड पाणी, ती तापलीच नव्हती. त्या दिवशी दादा बराच वेळ रस्त्याकडे बघत बसले होते. गाड्यांना पाणी लागेनासे झाले, तसे माणसांचेही थांबणे हळूहळू कमी झाले. १९९२ साली आम्ही हॉटेल बंद केले.

नावाची महती सांगणारी आणखी एक गोष्ट आमच्या शाळेतलीच आहे. १० जानेवारी २००८ ला रतन टाटांनी नॅनो लोकांपुढे आणली, एक लाखाची गाडी म्हणून. पावसात एका स्कूटरवर चौघांचे कुटुंब जाताना पाहून त्यांना ती सुचली असे ते सांगत. आमच्या एका सहकाऱ्याने ती घेतली. दोन मुले, बायको आणि तो, असे चौघे तिच्यातून घाट उतरून मुंबईला जात आणि चढून परत येत. त्याचे काम उत्तम भागत होते. पण ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्का तिच्या कपाळावर बसला तो बसलाच. पुण्यात एका लग्नाला गेलो असता मी पाहिले, त्याने गाडी कार्यालयाच्या मागच्या गल्लीत लावली आणि सगळ्यांना घेऊन पुढच्या दाराने चालत आला. कुणी त्याला हसले नव्हते. हसतील या भीतीने त्याने आधीच रस्ता बदलला. पुढे त्याच कंपनीने २००८ सालीच जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्याची बातमी मी त्याला वाचून दाखवली, म्हटले, अरे, तू आता जग्वारवाल्यांचा भाऊबंद आहेस! तो नुसता हसला. २०१८ नंतर नॅनो बनणेच बंद झाले.

असो. मंडळीने मला शिकवले तेवढे ऐकून मी दुकाने पाहायला निघालो. वेळ बरी साधली होती. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जी.एस.टी. उतरला. चार मीटरच्या आतल्या, बाराशे सी.सी.पर्यंतच्या पेट्रोल गाडीला आधी अठ्ठावीस टक्के कर आणि वर एक टक्का उपकर होता. तो अठरा टक्के झाला. समजा, कराआधीची किंमत साडेसहा लाख. आधी कर १,८८,५०० होता, आता १,१७,०००. म्हणजे ७१,५०० रुपयांचा फरक. मोठ्या गाड्यांचाही पन्नासाचा चाळीस टक्के झाला, त्यामुळे चिरंजीवांनाही बोलायला जागा मिळाली.

दुकानदाराने माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला आणि आनंदाने सांगितले, “सर, तुमच्यासाठी चाळीस हजार सूट.” मी चष्मा पुसला आणि कागद खालून वर वाचायला घेतला, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकाही मी तशाच तपासत असे, कारण उत्तर चुकलेले असले की चूक कुठे लपली ते खालून लवकर सापडते. विमा बावन्न हजार. चटया, कव्हर, दरवाजांच्या पट्ट्या मिळून अठरा हजार. ‘हाताळणी’ नऊ हजार. मी विचारले, ही हाताळणी कुणाची? गाडीची की माझी? विमा तिथूनच घेतला पाहिजे अशी सक्ती करता येत नाही. मी बाहेर चौकशी केली तेव्हा तोच विमा, त्याच रकमेचा, तीन वर्षांच्या सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यासकट, एकोणीस हजारांनी कमी मिळत होता. चटया घोटीच्या बाजारात मिळतात. हाताळणी त्यांनी शेवटी ‘चुकून’ लागली होती असे सांगून खोडली. तीन रकमांची बेरीज करा: शेहेचाळीस हजार. म्हणजे सूट देऊन ते उलट सहा हजारांनी पुढे होते! दुकानाचे नाव सांगत नाही. असे कागद मला तीन दुकानांत मिळाले, आणि शिवाय तो विक्रेता पोरगा माझाच माजी विद्यार्थी निघाला. गणितात बरा होता.

आणखी एक गोष्ट मी विचारली आणि तो चपापला: गाडी कोणत्या महिन्यात बनली? चासी नंबरात निर्मितीचा महिना आणि वर्ष गुंफलेले असते. दहा महिने आवारात ऊन-पाऊस खाल्लेली गाडी नवीन म्हणून घेतली, तर विकताना ती वर्षाने जुनीच धरली जाते. मोठी सूट असली की हे आधी पाहावे.

चिरंजीव दरम्यान स्वस्थ बसले नव्हते. त्याने सहा वर्षे वापरलेली, मोठी, डिझेलवर चालणारी सात माणसांची गाडी शोधून काढली. नऊ लाख, बरोबर माझ्याच आकड्यात. काळी, चकचकीत. मी ती पाहिली आणि, खोटे कशाला बोला, मलाही मोह झाला. मीटरवर अट्ठेचाळीस हजार किलोमीटर होते. पण क्लचच्या पायपट्टीचे रबर पार गुळगुळीत झालेले. टायरच्या अंगावर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. चारही टायर दोन वर्षांपूर्वीचेच होते. अट्ठेचाळीस हजारांत चार टायर बदलले? कागदावर बँकेचा बोजाही तसाच होता. तो उतरल्याचा बँकेचा दाखला आणि पस्तीस नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नसतात, हे मी मुलाला सांगितले. तो म्हणाला, “बाबा, तुम्ही प्रत्येक गोष्टीत चूकच शोधता.” मी म्हणालो, “पस्तीस वर्षे तोच पगार घेतला.”

तरीही मी पुरता नाही म्हणालो नव्हतो. दादांची परीक्षा बाकी होती. नवी छोटी पेट्रोल गाडी आणि ती काळी मोठी, दोन्ही एकाच रविवारी घोटीत आणवल्या आणि सांगितले, घाटात जायचे. नव्या गाडीबरोबर आलेला विक्रेता म्हणाला, “सर, समृद्धीने जाऊ. बोगद्यातून दहा मिनिटांत खाली.” त्याचे बरोबर होते. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा खुला झाला. जवळजवळ आठ किलोमीटरच्या जुळ्या बोगद्यांतून गाडी सरळ निघून जाते. मी म्हणालो, “बोगद्यात सगळ्याच गाड्या चांगल्या. आपण जुन्या रस्त्याने जाऊ.”

कसाऱ्यापर्यंत उतरलो आणि वळलो. छोट्या गाडीत पाच माणसे, वातानुकूलन चालू. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण हौशी मंडळी तिचा फार गोंधळ करतात. अश्वशक्ती आणि पीळ, ज्याला कारखान्यात टॉर्क म्हणतात, या दोन वेगळ्या गोष्टी. बोलेरोचेच उदाहरण घ्या: अश्वशक्ती जेमतेम पंच्याहत्तर, पण पीळ २१० न्यूटन-मीटर, आणि तो सोळाशे फेऱ्यांपासूनच मिळतो. २०२४ ची स्विफ्ट घ्या: अश्वशक्ती ऐंशीच्या वर, पीळ ११२, आणि तोही पुरा मिळायला इंजिन चार हजारांच्या पुढे न्यावे लागते. बोलेरो वजनाने जवळजवळ पावणेदोन पट आहे हे खरे, पण चढावर ती बैलासारखी खालच्या मानेने ओढत राहते. हलकी पेट्रोल गाडी घोड्यासारखी, टाच मारली तर पळते, नाहीतर थबकते. चिरंजीव चालवीत होते. ट्रकच्या मागे अडकलो तेव्हा त्याने तिसऱ्याचा दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडले, पण गाडी निघाली. धापा टाकीत का होईना, वर आली. मी हात लावून बॉनेट पाहिले. सवय.

काळी गाडी मात्र तिसऱ्यातच, गुणगुणत चढली. वर पोहोचल्यावर मुलगा काही बोलला नाही. फक्त माझ्याकडे पाहिले. घाटाच्या परीक्षेत तिला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागले असते. दादा असते तर तिला खुर्ची पुसून दिली असती.

घरी आलो तर सौ. काठी टेकत ओट्यावर उभी होती. म्हणाली, “मलाही बसून बघू द्या की.” ती आधी काळ्या गाडीकडे गेली. पायरीवर पाय ठेवला, वरची कडी धरली, जोर लावला, खाली आली. पुन्हा एकदा. मुलाने धावत आतून स्वयंपाकघरातले स्टूल आणले. स्टुलावरून ती चढली खरी, पण उतरताना शस्त्रक्रियेचा पाय खाली लोंबकळत राहिला आणि मुलाला तिला कमरेत धरून उतरवावे लागले. तिचा चेहरा मी पाहिला. त्या पिकअपच्या रात्री तो असाच असला पाहिजे. अंधारात दिसला नव्हता. मग ती छोट्या गाडीकडे गेली. दार उघडले, पाठमोरी होऊन सीटवर टेकली, दोन्ही पाय आत घेतले. पुन्हा उतरली. पुन्हा बसली.

“ही घ्या,” ती म्हणाली. “हिच्यात बसायला मला कुणाचा हात लागत नाही.”

मुलगा स्टूल उचलून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, गाडी दारात आली. आठ लाख एकसष्ट हजार, सगळे धरून. कोणत्या कंपनीची ते लिहीत नाही. लिहिले तर लेखाची जाहिरात होईल, आणि संपादक तिचे पैसे मला देणार नाहीत. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर झेंडू, सौ.ने ओवाळले. रविवारची मंडळीही आली होती. थारवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि सौजन्याने म्हणाला, “रंग छान आहे.”

चिरंजीवांनी पंधरा दिवस तिला हात लावला नाही. नाशिकला तपासणीला आम्ही दोघेच जात होतो. मी चाळीसच्या पुढे जात नाही आणि मागचे लोक हॉर्न वाजवतात, याची सौ.ला गंमत वाटते. मग दिवाळीच्या आदल्या रविवारी सकाळी उठून पाहतो तो अंगणात बादली, फडके, आणि चिरंजीव गाडी धूत आहेत. चाकांच्या पोटातसुद्धा हात घालून. सिन्नरकडे एक स्थळ पाहायला जायचे होते.

गेलो. त्यांच्या अंगणात गाडी उभी केली, अगदी दाराशी. मुलीचे वडील बाहेर आले, हातपाय धुवायला पाणी दिले, गाडीकडे एक नजर टाकली. चिरंजीवांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हते. वडील म्हणाले, “बरी दिसते. मायलेज किती देते?”

“बावीस,” चिरंजीव ताठ होऊन म्हणाले.

हा आकडा पुण्याच्या ए.आर.ए.आय.चा. तिथे गाडी खोलीत रुळांवर चालवून तो काढतात. रस्ता नाही, पाऊस नाही, सासरा नाही. माझ्या वहीत दर टाकीचा हिशेब असतो.

“सतरा,” मी म्हणालो. “आणि घाटात चौदा.”

मुलीचे वडील मोठ्याने हसले, आणि आम्हाला आत घेऊन गेले.